सातव्या लढतीची फाईल

सोलापूर, २० जानेवारी २०२५

ती. विरुपाक्षमामांस,
शिवलीलाचा शरणार्थ.

मामा, फोनवर बोललं तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही. आई म्हणाली, "मेल कर. पूजा झाली की तो आधी कॉम्प्युटर उघडतो, मग नाश्ता." म्हणून लिहिते आहे.

बातमी आनंदाची आहे. माझ्यासाठी नवा कॉम्प्युटर येतोय, गेमिंगचा. तुमच्या कानावर आलंच असेल, मी दख्खन करंडक जिंकले. अकरा लढती, सहा साखळीच्या आणि पाच बादफेरीच्या. राज्यभरातून दोनशेच्या वर खेळाडू होते. अप्पांना अजून कळलेलं नाही की बटणं दाबून करंडक कसा मिळतो, पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते पेपरातलं कात्रण दाखवतात आणि त्या भरातच कॉम्प्युटरला हो म्हणाले. नव्या पेठेतलाच एक जण जोडून देतोय.

तुम्ही वीस वर्षं त्याच पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त केलेत, म्हणून विचारते. यात डिस्क कुठली घालू? दुकानदार म्हणतो, एकच मोठी एसएसडी घ्या. बसूदादा म्हणतो, जुनी हार्ड डिस्क आहे तीच लाव. माझ्याकडं रेकॉर्डिंग खूप आहे. प्रत्येक लढतीत हातांवर कॅमेरा लावावा लागतो, कोण खेळतंय ते दिसावं म्हणून. एकेक फाईल एवढी मोठी की जुनी एक टीबीची डिस्क भरत आली.

आणखी एक. डिस्कवरची फाईल पुसली तर ती खरोखर जाते का, की मागं काही राहतं? सहज विचारते आहे.

मामींना नमस्कार.
शिवलीला

माढा, २१ जानेवारी

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

कात्रण तुझ्या आईनं पाठवलं होतं. मामीनं देवघरात ठेवलंय.

आता डिस्कचं. विंडोज आणि खेळ यांच्यासाठी एक टीबीची एसएसडी घे, मदरबोर्डवर आडवी बसते ती चपटी पट्टी. खेळ पटकन उघडतात, मध्ये अडकत नाहीत. पण रेकॉर्डिंग तिच्यावर साठवू नकोस. त्याला वेगळी हार्ड डिस्क घे, चार टीबीची, नवी. जुनीला आता किती वर्षं झाली? सहा? मग तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. आणि जे परत मिळणार नाही, ते दोन ठिकाणी ठेव.

घेशील ती दुकानातून घे, खोका फोडताना समोर उभी राहा. इंटरनेटवर जाहिराती येतात, खिशात मावणारी आठ टीबी, सोळा टीबी, भाव ऐकून हसू यावं इतका कमी. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. नवी डिस्क आली की आधी ती पूर्ण भरून, तपासून बघ. तोवर जुनीतलं काही पुसू नकोस. हे वाक्य दोनदा वाच.

पुसलेल्या फाईलचं विचारलंस. एसएसडीवरची बहुधा लवकर जाते, ती आपणहून जागा साफ करते. हार्ड डिस्कचं तसं नाही. तिच्यावर तू पुसतेस ते फक्त नाव. मजकूर तिथंच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. अशा कितीतरी फायली मी काढून दिल्यात. तुझ्यासारखी चौकस गिऱ्हाइकं मला कमी मिळाली.

विरुपाक्ष

सोलापूर, २५ जानेवारी

मामा,

कॉम्प्युटर आला. अप्पांनी हळदकुंकू लावलं, नारळ मात्र बाहेर उंबऱ्यावर फोडला, मी हट्ट धरला म्हणून.

तुम्ही सांगितलेली पट्टी घेतली आहे. पण एक सांगायला लाज वाटते. तुमचं पत्र येण्याआधीच मी आठ टीबीची एक डिस्क मागवून बसले होते, जाहिरातीतलीच. छोटी आहे, काडेपेटीएवढी. पण चांगली निघाली, खरंच. कॉम्प्युटरला लावली तर बरोबर आठ टीबी दाखवते. सगळं रेकॉर्डिंग तिच्यात टाकलं, आधी लढती, मग सरावाच्या फायली. नावं, आकार, सगळं बरोबर आहे. त्यानंतर जुनी डिस्क फॉरमॅट करून नव्या कॉम्प्युटरमध्ये लावली आणि तिच्यावर एक भला मोठा खेळ चढवला.

म्हणजे काळजीचं काही नाही. तुम्ही काळजी करू नका.

शिवलीला

माढा, २६ जानेवारी, सकाळी

शिवलीला,

नाव आणि आकार म्हणजे फाईल नव्हे. आत्ताच्या आत्ता प्रत्येक फाईल उघड. सुरुवात बघून थांबू नकोस, मधून चालव, शेवट चालव. आणि मला लगेच लिही. आज मी दिवसभर मेल बघणार आहे.

विरुपाक्ष

सोलापूर, २६ जानेवारी, दुपारी

मामा, उघडत नाहीत. लढतीची एकही उघडत नाही. शेवटी टाकलेल्या सरावाच्या दोन-तीन चालतात, बाकी सगळ्यांवर नुसता काळा पडदा. मी तीनदा केबल बदलली.

आता खरं सांगते, घरात फक्त बसूदादाला माहीत आहे. अंतिम लढतीत माझ्यासमोर पुण्याचा अनीश म्हणून मुलगा होता. हरल्यावर त्यानं आयोजकांकडं तक्रार केली, की ही मुलगी खेळतच नाही, हिच्या जागी हिचा भाऊ बसतो. इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलंय ते तुम्हाला सांगवत नाही. 'मुलीची बोटं इतकी चालतच नाहीत' हे त्यातलं सगळ्यांत सभ्य. आयोजकांनी पत्र पाठवलंय, दहा फेब्रुवारीपर्यंत अकराही लढतींचं हातांचं मूळ रेकॉर्डिंग द्या, नाहीतर करंडक परत. ते माझ्याकडं होतं, मामा! माझेच हात होते त्यात. तेच मी घालवलं.

अप्पांना काय सांगू? ते अजून कात्रण दाखवतात.

शि.

माढा, २६ जानेवारी, चार वाजता

बाळ, आधी पाणी पी.

मग कॉम्प्युटर बंद कर. तो पुन्हा चालू करायचा नाही, खेळ काढून टाकायलाही नाही. आता त्या जुन्या डिस्कवर जे जे लिहिलं जाईल ते तुझ्या फायलींवर लिहिलं जाईल. डिस्क काढ, जाड कापडात गुंडाळ.

ती आठ टीबीची डिस्क लबाड आहे. आत असेल चौसष्ट जीबीची चिप, तिला आठ टीबी सांगायला शिकवलंय. जागा भरली की ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागते, नव्यानं जुनं झाकत जाते आणि यादी मात्र सगळ्यांची दाखवते. तिच्यात आता काही शोधायचं नाही. तरी तीही पाठव, मला बघायची आहे.

आशा आहे ती जुनीत. घाईत केलेल्या फॉरमॅटनं यादी पुसली जाते, मजकूर नाही. खेळानं जेवढी जागा खाल्ली तेवढं गेलं. बाकीचं निघू शकतं. निघेलच असं म्हणत नाही.

चार टीबीची नवी हार्ड डिस्क दुकानातून घे आणि तिन्ही डिस्क देऊन बसवराजला उद्या-परवा इकडं पाठव. कुरिअरनं नको.

आणि पुण्याच्या त्या पोराचं म्हणशील तर, ज्याच्याकडं पुरावा आहे त्यानं घाबरायचं नसतं.

विरुपाक्ष

सोलापूर, २८ जानेवारी

मामा,

दादा आत्ता मोटरसायकलवर निघाला. शेटफळच्या फाट्यावरून आत वळेल, अकराच्या सुमाराला पोचेल. डिस्क दोन टॉवेलांत गुंडाळून दिली आहे, टॉवेल आपल्याच दुकानातले, मामींना ठेवून घ्या म्हणावं. दादा दोन दिवस चिडचिड करतोय. त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

घाबरायचं नसतं म्हणालात. मी प्रयत्न करते आहे.

शिवलीला

माढा, ३ फेब्रुवारी

चि. शिवलीला,

सविस्तर लिहितो, कारण यातलं काही तुला तोंडावर विचारता आलं नसतं.

बसवराज आला, जेवला, भाकरी दोनदा मागून घेतली, पण निघेना. ओट्यावर माझ्याशेजारी बसून राहिला. मग कानाजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "मामा, समजा न्हाईच निघालं तर?"

"न्हाई निघालं तर न्हाई निघालं. मी काय देव न्हाई."

"न्हाई, म्हंजे सगळंच निघायला पायजे असं काय न्हाई की. लई तरास घेऊ नका. ती सातवी लढत न्हाई निघाली तरी चालंल."

"सातवीच का रं?"

"तवा कॅमेराच वाकडा लागला होता. काय दिसत न्हाई त्यात."

मला वाटलं, पोरगा माझ्या वयाची काळजी करतोय. बरं वाटलं मला.

माझे हात आता कापतात, तुझ्या आईला हे माहीत नाही, सांगूही नकोस. स्क्रू मामीनं काढले, केबल मामीनं लावली. आधी जुन्या डिस्कची अथपासून इतिपर्यंत नक्कल नवीवर घेतली, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा हात लावायला नको. त्यात एक दिवस गेला. मग नकलेवर शोध लावला. दोन दिवस पडद्यावर नुसते आकडे सरकत होते आणि मी खुर्ची सोडली नाही. मामीनं ताट तिथंच आणून दिलं.

अकरांतल्या नऊ निघाल्या. तिसरी आणि दहावी खेळाखाली गेल्या, त्या मिळणार नाहीत. नऊ अगदी धडधाकट आहेत. तरी मी प्रत्येक फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघतो, ती माझी सवय आहे. तुझे हात बघत बसलो. मला खेळातलं काही कळत नाही, पण हात कळतात. चांगला कारागीर आणि बरा कारागीर यांच्या हातांतला फरक मला दिसतो. तू चांगली आहेस.

सातवीही निघाली आहे. कॅमेरा वाकडा नाही. पहिले दोन डाव तुझे हात आहेत. तिसऱ्या आणि चौथ्याला दोन मोठे हात आहेत, उजव्या मनगटात तांब्याचं कडं असलेले. त्याच हातांनी माझ्याकडं डिस्क दिली होती. पाचव्या डावाला पुन्हा तू आहेस.

मग मी ती लबाड डिस्क उघडून तिची यादी वाचली. तिच्यात लढतींची नावं दहाच आहेत. सातवी तू तिच्यात टाकलीच नव्हतीस. आणि वीस तारखेला तू मला विचारलं होतंस, पुसलेली फाईल खरोखर जाते का. मी तुला चौकस म्हणालो.

मी कुणाला काही बोललेलो नाही. मामीलाही नाही. तू लिही.

विरुपाक्ष

सोलापूर, ४ फेब्रुवारी

मामा,

चार वेळा लिहून खोडलं.

सातवी लढत बादफेरीची पहिली. हरलं की घरी. समोर कोल्हापूरची वैदेही होती. बादफेरीत पोचलेल्या बत्तीस जणांत मुली दोनच, मी आणि ती. तिनं पहिले दोन डाव घेतले. माझे हात बर्फासारखे झाले. बोटं कुठं ठेवायची तेच कळेना. मी खुर्चीवरून उठले आणि मोरीत जाऊन ओकले. परत आले तर दादा माझ्या जागेवर बसला होता. "मी बघतो," म्हणाला. मी त्याला ऊठ म्हटलं नाही. मामा, मी दाराशी उभी राहून बघत होते आणि तो जिंकावा म्हणून सिद्धरामेश्वराचं नाव घेत होते.

हा खेळ मला दादानंच शिकवला. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. मग अप्पांनी त्याला दुकानावर बसवलं. त्या दोन डावांत तो असा काही खेळला की मी रडले. दोन-दोन झाल्यावर उठला आणि म्हणाला, आता तू. पाचवा मी जिंकले. त्यानंतरच्या चारही लढती माझ्या आहेत, अनीशबरोबरचीसुद्धा. त्यानं जे म्हटलं ते खोटं आहे. फक्त दोन डावांपुरतं खरं आहे.

आयोजकांचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं, दहा द्यायच्या आणि एक खराब झाली सांगायचं. म्हणून सातवी मागं ठेवली, डिस्क फॉरमॅट केली आणि वर तो खेळ चढवला. आमच्याकडं होता त्यातला सगळ्यात मोठा. तिच्यावर लिहिलं जावं म्हणून. आणि झालं काय, माझ्या बाजूच्या दोन गेल्या आणि तीच राहिली.

आता नऊ आहेत. तिसरी आणि दहावी गेल्या, तशी सातवीही गेली म्हटलं तर कुणाला शंका येणार? तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? दादा म्हणतो, मामा आपलेच आहेत.

आता माझं काही लपवायचं राहिलं नाही. सांगा, काय करू?

शिवलीला

माढा, ५ फेब्रुवारी

चि. शिवलीला,

दादा म्हणतो ते खरं आहे, मी तुमचाच आहे. आठ फायली वेगळ्या डिस्कवर देतो, सातवी नकलेतून काढून टाकतो, जगातला कुठलाही कारागीर ती पुन्हा काढू शकणार नाही. तू म्हणशील तर आज करतो. हे खरं लिहितोय, तुला जोखत नाही.

पण तू विचारलंस, काय करू, तर मी काय केलं होतं ते सांगतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले अनिलकुमार म्हणून एक शिक्षक त्यांचा कॉम्प्युटर घेऊन दुकानात आले. चालू होत नव्हता. त्यांची आई हातमागावर बसून म्हणायची ती तेलुगू गाणी त्यांनी सहा वर्षं ऐकून, टाइप करून ठेवली होती, अर्थासकट. म्हणाले, बाकी काही गेलं तरी चालेल. मी बघितलं, डिस्क उत्तम होती, बिघाड दुसरीकडं होता. दहा मिनिटांचं काम. पण त्याच टेबलावर त्याच कंपनीची दुसऱ्या कुणाची तरी डिस्क होती, ती पूर्ण कोरी करून द्यायची होती. पाच गिऱ्हाइकं उभी होती. मी चुकीची लावली. नुसतं नाव पुसणारं फॉरमॅट नव्हे, वरून शून्यं भरत जाणारं. कळलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

ते आल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, डिस्क आधीच गेलेली होती." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही प्रयत्न केलात," म्हणाले. मी हात काढून घेतला नाही.

पुढं दोन वर्षांनी दुकान बंद केलं. सगळे समजतात, कानामुळं.

माझं खोटं कुणाला कळलं नाही. तुझंही कळणार नाही, हे मी अनुभवानं सांगू शकतो. त्यापुढचं तू ठरव. दहा तारखेला पाच दिवस आहेत.

विरुपाक्ष

सोलापूर, ७ फेब्रुवारी

मामा,

नऊच्या नऊ द्या.

काल दादाशी भांडण झालं. तो म्हणाला, "तुला काय, तू खरी ठरशील. मी चोर ठरेन, नव्या पेठेत मान वर करून चालता येणार न्हाई." मी म्हटलं, मी तुझं नाव घेणार नाही, मीच तुला बसवलं असं लिहिते. तर आणखीच भडकला. "खोटंच लिहायचं तर आठच पाठव की!"

संध्याकाळी तो दुकानातून आला आणि अप्पांच्या समोर जाऊन उभा राहिला. सगळं त्यानंच सांगितलं, मी सांगायच्या आत. अप्पा उठून आत गेले आणि त्यांनी खिशातलं कात्रण आईच्या हातात दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डिस्क न्यायला उद्या दादाच येतोय. मी आयोजकांना पत्र लिहिलंय, नऊ फायली आणि सातवीत कोण कुठल्या डावाला आहे ते. वैदेहीलाही वेगळं लिहिलं. ते सगळ्यांत अवघड होतं.

तुमच्याबद्दल मी आईला काही सांगितलेलं नाही, हातांचंही नाही आणि दुसरंही नाही.

शिवलीला

सोलापूर, २ मार्च

मामा,

निकाल आला, म्हणून इतक्या दिवसांनी लिहिते. आधी लिहायला बसले की बोटं चालत नव्हती.

करंडक परत घेतला. एक वर्ष मला कुठल्याही त्यांच्या स्पर्धेत खेळता येणार नाही, दादाला कधीच नाही. करंडक अनीशला गेला. पत्रात त्यांनी लिहिलंय की उरलेल्या आठ रेकॉर्डिंगमध्ये खेळाडू स्वतः शिवलीलाच आहे आणि तिच्या कौशल्याबद्दल समितीला शंका नाही. ते वाक्य कुणी वाचत नाही. इंटरनेटवर एवढंच चाललंय, बघा, आम्ही म्हणत होतो. अनीशनं स्वतः मात्र काही लिहिलं नाही.

अप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परवा दुकानात एका गिऱ्हाइकानं खोचकपणे विचारलं, काय मालक, करंडक कुठं गेला? तर अप्पा म्हणाले, "परत केला. पोरीनं स्वतः कळवलं म्हणून कळलं त्यांना, न्हाईतर कुणाच्या बापाला कळत नव्हतं." दादानं घरी येऊन सांगितलं. मला अजून ते स्वतः काही म्हणालेले नाहीत.

वैदेहीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. दोनच ओळी. "राग आहे आणि तो राहणार. मे महिन्यात कोल्हापूरला ये, एका टेबलावर, समोरासमोर खेळू." मी जाणार आहे. हरेन बहुतेक. भीती वाटते, पण वेगळी.

नव्या कॉम्प्युटरमध्ये आता तुम्ही सांगितलेली चार टीबीची आहे. पूर्ण भरून तपासली, मगच वापरायला घेतली.

शिवलीला

माढा, १७ मार्च

चि. शिवलीला हिस,

काल सोलापूरला येऊन गेलो. तुमच्याकडं आलो नाही, रागावू नकोस. सकाळच्या एसटीनं आलो, दुपारच्या गाडीनं परतायचं ठरवून. तू एक चूक तीन आठवड्यांत कबूल केलीस. मला चौदा वर्षं झाली होती, पंधरावं लागू द्यायचं नव्हतं.

अनिलकुमारांचं घर सापडलं. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणूनच ओळखतात. दार त्यांनीच उघडलं, मला ओळखलं, आणि आनंदानं आत नेलं. हे मला जास्त जड गेलं. पाणी आलं, ते मी प्यालो नाही. म्हणालो, "सर, तुमची डिस्क चांगली होती. माझ्या हातून पुसली गेली. मी खोटं बोललो."

त्यांना कळायला वेळ लागला. मग माझ्या कानाजवळ येऊन विचारलं, "म्हणजे माझ्या घरून ती चांगली निघाली होती?"

"चांगली होती."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः बघितली होती."

मला वाटलं, आता घालवून देतील. ती तयारी करूनच गेलो होतो. मग ते तिथंच कानाशी बसून, माझ्याकडं न बघता बोलायला लागले. म्हणाले, ज्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला त्या दिवशी ते टाइप करत होते आणि आई जेवायला हाका मारत होती. तीन हाका मारून ती खोलीत आली आणि तिनं बटण खटकन बंद केलं. तसं ती आधीही करायची, थट्टेनं. त्यानंतर तो चालू झाला नाही. आणि मी सांगितलं की डिस्क आधीच गेलेली होती.

"घरी येऊन मी तिला म्हणालो," ते म्हणाले, "तुझ्या हातानं गेलं सगळं. तुझी गाणी तूच मारलीस. एकदाच म्हणालो, पण म्हणालो. ती त्यानंतर आठ वर्षं होती. मी किती विनवलं, पुन्हा म्हण, पुन्हा लिहून घेतो. तिनं एक ओळ म्हटली नाही. म्हणायची, माझ्या हाताला गुण नाही."

शिवलीला, मी हे ऐकलं आणि मला खुर्चीत बसवेना. मी उठलो, हात जोडले.

त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा," म्हणाले. "तुम्हाला माफ करीन की नाही ते मला आज माहीत नाही. पण आत्ता जाऊ नका. तिच्यावर मी उगीच आळ घेतला, हे आज कळलेला मी या घरात एकटाच आहे. थोडा वेळ बसा माझ्याजवळ."

मी बसलो. माझी दुपारची गाडी चुकली. संध्याकाळच्या गाडीनं आलो.

तुझा मामा,
विरुपाक्ष